बाटलीवरचा मजकूर आणि सरकारी नोंदणी: कीटकनाशक घेण्याआधी जुळवून कसं पाहायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना वीसहून जास्त शेतकरी-मजूर विषबाधेने गेले आणि शेकडो दवाखान्यात भरती झाले. त्यानंतर गावोगावी मास्क आणि हातमोजे यांच्याबद्दल बरंच बोललं गेलं. बाटलीत नेमकं काय आहे आणि ते आपल्या पिकासाठी मंजूर आहे का, याबद्दल मात्र फार कमी. खालचे प्रश्न शेतकरी, कृषी केंद्रात बसणारी मुलं आणि बचत गटातल्या बाया नेहमी विचारतात. उत्तरं विदर्भातली पिकं डोळ्यांसमोर ठेवून दिली आहेत.

कीटकनाशकाची नोंदणी म्हणजे काय? कोण करतं?

कीटकनाशक कायदा १९६८ चा आणि त्याचे नियम १९७१ चे. या कायद्याखाली कोणतंही कीटकनाशक, बुरशीनाशक किंवा तणनाशक देशात बनवायचं अथवा आयात करायचं असेल तर आधी नोंदणी समितीची मंजुरी लागते. ही समिती केंद्राची आहे आणि तिचं काम फरीदाबादहून चालतं. राज्य सरकार नोंदणी देत नाही. राज्य देतं ते बनवण्याचे आणि विकण्याचे परवाने. म्हणून दुकानाच्या भिंतीवर परवाना लावलेला आहे म्हणजे कपाटातली प्रत्येक बाटली मंजूर आहे, असा अर्थ होत नाही. त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, दोन्ही वेगवेगळ्या तपासाव्या लागतात.

बाटली हातात घेतल्यावर काय काय जुळवायचं?

मोठ्या अक्षरातलं नाव सोडून द्या. ते कंपनीने ठेवलेलं विक्रीचं नाव आहे, मंजुरी त्या नावाला मिळत नाही. त्याच्या खाली बारीक अक्षरात सक्रिय घटकाचं नाव असतं, त्याच्यापुढे टक्केवारी आणि शेवटी दोन-तीन अक्षरं: ईसी, एसएल, एससी, डब्ल्यूपी, डब्ल्यूजी, एसजी, एफएस. ही अक्षरं औषध कोणत्या रूपात आहे ते सांगतात. ईसी तेलासारखं असतं आणि पाण्यात टाकलं की दुधाळ होतं. एसएल पाण्यात पूर्ण विरघळतं. डब्ल्यूपी भुकटी, डब्ल्यूजी दाणेदार, एफएस बीजप्रक्रियेसाठी. घटक, टक्केवारी आणि रूप या तिन्ही मिळून एक मंजुरी होते. यातलं एक जरी बदललं तरी कायद्याच्या नजरेत ते दुसरं उत्पादन, आणि त्याला स्वतंत्र नोंदणी हवी.

मग नोंदणी क्रमांक शोधा. तो सीआयआर या अक्षरांनी सुरू होतो. त्याशिवाय उत्पादकाचं नाव-पत्ता, उत्पादन परवाना क्रमांक, बॅच नंबर, तयार केल्याची तारीख, मुदत संपण्याची तारीख, निव्वळ वजन आणि विषबाधेवरचा उतारा हे छापलेलं असायलाच हवं. बॅच नंबर किंवा तारीख वरून चिकटवलेली, खरवडलेली दिसली तर ती बाटली ठेवून द्या, दुकानदार कितीही ओळखीचा असला तरी.

खोक्यात घडी केलेला कागद असतो. तो बहुतेक जण उघडताच फेकतात. माझ्या मते बाटलीपेक्षाही तो कागद मोलाचा आहे, कारण पीक, कीड, हेक्टरी मात्रा, पाणी किती, शेवटची फवारणी आणि काढणी यांत किती दिवस ठेवायचे, हे सगळं त्यात असतं. तो हिंदी, इंग्रजीसोबत प्रादेशिक भाषेतही द्यावा असा नियम आहे. खोकं फोडल्यावर कागद निघालाच नाही तर दुकानात परत जाऊन मागा.

घटक तोच असेल तर टक्केवारीने एवढा काय फरक पडतो?

इमिडाक्लोप्रिड घ्या. मावा-तुडतुड्यासाठी आपल्याकडे कपाशीवर वर्षानुवर्षं मारलं जातं. एकच घटक, पण बाजारात तो १७.८ टक्के एसएल, ७० टक्के डब्ल्यूजी आणि ४८ टक्के एफएस अशा रूपांत मिळतो. पहिल्याची कपाशीवरची मंजूर मात्रा हेक्टरी १०० ते १२५ मिली, म्हणजे एकराला ४० ते ५० मिली. दुसऱ्याची हेक्टरी ३० ते ३५ ग्रॅम, म्हणजे एकराला १२ ते १४ ग्रॅम. तिसरं बियाण्याला चोळायचं आहे, पंपात टाकायचं नाहीच.

आता समजा शेतकऱ्याला सवय १७.८ ची आहे आणि दुकानात या वेळी ७० टक्क्यांचा पुडा मिळाला. "इमिडाच आहे" म्हणून त्याने त्याच अंदाजाने एकराला ४० ग्रॅम ओतलं, तर पिकावर आणि फवारणाऱ्याच्या अंगावर जवळपास तिप्पट विष गेलं. पैसेही तिप्पट गेले. यात दुकानदाराने फसवलेलं नाही, माल बोगस नाही, नोंदणीही खरी आहे. चुकलं ते फक्त जुळवणं. म्हणून टोपणाच्या मापावर किंवा शेजाऱ्याच्या सांगण्यावर जाऊ नका. मात्रा त्या-त्या बाटलीच्या कागदावरूनच घ्या, दरवर्षी नव्याने.

एकाच औषधाला इतकी नावं कशी? त्यातलं खरं कोणतं?

बहुतेक सगळीच खरी असू शकतात. एखादं औषध भारतात पहिल्यांदा आणणाऱ्या कंपनीला कायद्याच्या कलम ९(३) खाली नोंदणी मिळते. त्यासाठी पिकावरचे प्रयोग, विषारीपणाच्या चाचण्या, अवशेषांचा अभ्यास असं पुष्कळ सादर करावं लागतं. पुढे दुसऱ्या कंपनीला तेच औषध बनवायचं असेल तर कलम ९(४) आहे. त्यात आधीच्या मंजुरीशी जुळणारं उत्पादन दाखवायचं असतं, आणि नोंदणी मिळते ती त्याच अटींवर. व्यापारात याला "मी-टू" नोंदणी म्हणतात. पन्नास कंपन्यांचं प्रोफेनोफॉस किंवा इमामेक्टिन दिसतं ते याच वाटेने आलेलं असतं.

यातून दोन गोष्टी लक्षात घ्या. महागडं नाव म्हणजे वेगळं औषध असं नाही, त्यामुळे घटक-टक्केवारी-रूप सारखं असेल आणि नोंदणी, बिल व्यवस्थित असेल तर स्वस्त बाटली घ्यायला हरकत नाही. पण जुन्या मंजुरीशी जुळवून आलेल्या कंपनीने "आमच्या औषधात त्यापेक्षा जास्त पिकं, जास्त किडी" असं पत्रकात छापलं असेल तर सावध व्हा. अटी त्याच असतील तर पिकं जास्तीची कुठून येतील? मूळ कंपनीला नंतर एखादं पीक वाढवून मिळालं असेल तरी ते तुमच्या बाटलीला लागू आहे की नाही, हे खोक्यातल्या कागदावरूनच ठरेल.

लेबलवर दोन कंपन्यांची नावं आहेत. हे चालतं का?

चालतं. एक बनवणारी, दुसरी विकणारी. नोंदणी क्रमांक कोणाचा आहे ते पाहा आणि तक्रार करायची वेळ आली तर दोन्ही नावं लिहा. फक्त "मार्केटेड बाय" आहे आणि बनवणाऱ्याचा पत्ताच नाही, तर घेऊ नका.

"लेबल क्लेम" म्हणजे काय? तूर, संत्र्यासाठी लेबल क्लेम नसेल तर मारायचंच नाही का?

मंजुरी नुसत्या औषधाला नसते, "अमुक पिकावर, अमुक किडीसाठी, अमुक मात्रेत" अशी असते. हाच लेबल क्लेम. कपाशीसाठी बरीच औषधं मंजूर आहेत, कारण खप मोठा आणि कंपन्यांनी प्रयोगांवर खर्च केला. लहान पिकांसाठी यादी आखूड आहे आणि शेतकऱ्याची अडचण खरी आहे, हे मान्य करायलाच हवं.

कायद्याचं म्हणाल तर कलम ३८ नुसार स्वतःच्या कसणुकीतल्या जमिनीवर शेतकऱ्याने केलेल्या वापराला हा कायदा लागू होत नाही. तो धरतो बनवणाऱ्याला आणि विकणाऱ्याला. म्हणून लेबल क्लेम नसलेलं औषध मारलं तर तुमच्यावर या कायद्याने खटला होईल ही भीती अनाठायी आहे. पण नुकसान तुमचंच होतं. त्या पिकावर किती मारायचं आणि काढणीआधी किती दिवस थांबायचं याचा अभ्यास झालेलाच नसतो, पीक करपलं तर कंपनीकडे दाद मागता येत नाही, आणि मालात अवशेष सापडले तर व्यापारी हात वर करतो. आधी अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची शिफारस पाहा, तुमच्या जिल्ह्याच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारा. कपाशीचं असेल तर नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था सल्ला देते.

ग्लायफोसेट कपाशीत सर्रास मारतात. ते मंजूर आहे ना?

ग्लायफोसेट नोंदणीकृत आहे, पण कपाशीसाठी नाही. त्याची मंजुरी चहाच्या मळ्यांसाठी आणि पीक नसलेल्या जागेसाठी होती. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्राने आदेश काढून त्याचा वापर फक्त कीड नियंत्रण व्यावसायिकांमार्फतच करावा असं बंधन घातलं. कपाशीत ते मारलं जातं ते तणनाशक सहन करणाऱ्या, म्हणजे एचटीबीटी, चोरट्या बियाण्यामुळे. त्या बियाण्याला लागवडीची मंजुरी मिळालेली नाही, त्यामुळे पाकिटावर खरा पत्ता नसतो आणि उगवलं नाही तर भरपाई मागायला दार नसतं. बियाणं मंजुरीबाहेरचं, तणनाशक मंजुरीबाहेरचं, दोन्हीचं पक्कं बिल नाही. निंदणाची मजुरी परवडत नाही हे दुखणं खोटं नाही. पण त्यासाठी सगळा धोका एकट्या शेतकऱ्याच्या डोक्यावर येतो, आणि माल विकणारा मोकळा राहतो, हे मला पटत नाही.

दोन मंजूर औषधं एका पंपात मिसळली तर ते मिश्रणही मंजूरच ना?

नाही. हा गैरसमज सगळ्यात घातक आहे.

कंपनी दोन घटक एका बाटलीत देते तेव्हा त्या जोडीची वेगळी तपासणी होऊन वेगळी नोंदणी झालेली असते. क्लोरॅन्ट्रानिलीप्रोल ९.३ टक्के अधिक लॅम्ब्डा सायहॅलोथ्रीन ४.६ टक्के झेडसी हे असंच एक नोंदणीकृत मिश्रण. यातले दोन्ही घटक सुटे मंजूर होतेच, तरीही जोडीला नव्याने मंजुरी घ्यावी लागली. तुम्ही बांधावर बादलीत ज्या चार बाटल्या ओतता, कीटकनाशक, बुरशीनाशक, टॉनिक आणि वर विद्राव्य खत, त्या मिश्रणाची माणसाच्या अंगावर काय क्रिया होते हे कोणी तपासलेलं नाही. २०१७ मध्ये डोक्याच्या वर गेलेली पऱ्हाटी, दमट उकाडा, बारीक तुषार उडवणारे पंप आणि अशी मिश्रणं, हे सगळं एकत्र आलं होतं. मजुरी वाचते म्हणून लोक मिसळतात, ते कळतं. किमान दोन कीटकनाशकं तरी एकत्र करू नका.

दुकानदार म्हणतो, "हे ऑरगॅनिक आहे, याला नोंदणी लागत नाही."

त्याला विचारा, हे किडीसाठी देता की पिकाच्या वाढीसाठी? किडीसाठी असेल तर निंबोळीपासून बनवलेलं अॅझाडिरॅक्टिन, ट्रायकोडर्मा, बिव्हेरिया यांनाही विक्रीसाठी नोंदणी लागतेच. वाढीसाठी म्हणत असेल तर ते जैव उत्तेजक झालं, आणि फेब्रुवारी २०२१ पासून जैव उत्तेजक खत नियंत्रण आदेशाखाली आलेले आहेत. म्हणजे दोन्हीकडून कायदा आहे, मधली मोकळी जागा राहिलेली नाही.

जैविक म्हणून दिलेल्या बाटलीने अळी एका रात्रीत मरून खाली पडली तर आनंदण्याआधी शंका घ्या. बिव्हेरियासारख्या बुरशीला अळी मारायला काही दिवस लागतात. झटपट परिणाम दिसतो तेव्हा आत न छापलेलं रासायनिक कीटकनाशक असण्याची शक्यता असते, आणि मग फवारणाऱ्याने "जैविकच तर आहे" म्हणून तोंडाला फडकंही बांधलेलं नसतं.

घरी केलेला दशपर्णी किंवा निंबोळी अर्क?

स्वतःच्या शेतात वापरा, काही लागत नाही. बाटलीत भरून कीटकनाशक म्हणून विकायला काढलात, मग बचत गट असो की शेतकरी कंपनी, नोंदणी हवी.

हिरवा त्रिकोण म्हणजे सुरक्षित का?

कमी विषारी, एवढंच. तिरप्या चौकोनाच्या खालच्या त्रिकोणातला रंग औषधाच्या विषारीपणाचा वर्ग दाखवतो: लाल अतिशय तीव्र, मग पिवळा, मग निळा आणि शेवटी हिरवा. हा वर्ग प्राण्यांवरच्या चाचणीत शरीराच्या दर किलो वजनाला किती मिलिग्रॅमने निम्मे प्राणी मरतात यावरून ठरतो. तोंडावाटे गेल्यास १ ते ५० मिलिग्रॅम म्हणजे लाल, ५१ ते ५०० पिवळा, ५०१ ते ५००० निळा, त्याच्या वर हिरवा. लाल आणि पिवळ्यावर "पॉयझन" छापलेलं असतं, लाल रंगाला कवटीही असते. हा तात्काळ विषबाधेचा अंदाज आहे. वर्षानुवर्षं थोडं थोडं अंगात गेलं तर काय होतं, ते हा रंग सांगत नाही.

बंदी घातलेली औषधं कशी ओळखायची?

नोंदणी कायमची नसते, सरकार ती काढूनही घेतं. २०१८ च्या आदेशाने अठरा कीटकनाशकं बाद झाली. त्यातली फोरेट, ट्रायझोफॉस, डायक्लोरव्हॉस, फॉस्फॅमिडॉन ही आपल्याकडे ओळखीची नावं ३१ डिसेंबर २०२० पासून बंद आहेत. मोनोक्रोटोफॉस भाजीपाल्यावर २००५ पासूनच वर्ज्य होतं आणि २०२३ च्या आदेशाने ३६ टक्के एसएल या रूपावरही गदा आली. घराच्या आढ्याला जुना डबा असेल तर तो वापरून संपवायचा विचार करू नका.

राज्य सरकारही कलम २७ खाली काही काळ विक्री थांबवू शकतं. नोव्हेंबर २०१७ मध्ये यवतमाळ, अमरावती, अकोला, वाशिम आणि बुलडाणा या जिल्ह्यांत पाच कीटकनाशकांची विक्री साठ दिवस बंद केली होती. त्या काळात नोंदणी खरी असूनही विक्री बेकायदा होती.

मंजुरीची यादी मोबाईलवर पाहता येते का?

येते. वनस्पती संरक्षण, संगरोध व साठवण संचालनालयाच्या संकेतस्थळावर केंद्रीय कीटकनाशक मंडळ व नोंदणी समितीचा विभाग आहे. तिथे "मेजर यूजेस" नावाच्या याद्या असतात, कीटकनाशकांची वेगळी, बुरशीनाशकांची वेगळी, तणनाशकांची वेगळी. घटकाच्या नावाखाली टक्केवारी, पीक, कीड, मात्रा आणि काढणीपूर्व दिवस दिलेले असतात. बंदी असलेल्यांची यादीही तिथेच आहे. याद्या इंग्रजीत आहेत, ही मोठी उणीव. कॉलेजात जाणाऱ्या पोराला बसवून घटकाचं स्पेलिंग बाटलीवरून जसंच्या तसं शोधायला लावा. यादी कोणत्या तारखेपर्यंतची आहे तेही वर लिहिलेलं असतं, ते आधी वाचा. ज्यांना हे जमणार नाही त्यांनी किसान कॉल सेंटरला १८००-१८०-१५५१ वर मराठीत विचारावं.

कृषी केंद्रवाल्याकडे काय मागायचं?

पक्कं बिल, त्यावर औषधाचं नाव, बॅच नंबर आणि मुदत संपण्याची तारीख. उधारीवर नेलं तरी बिल घ्या. त्या कंपनीचा माल विकायला दुकानदाराच्या परवान्यात त्या कंपनीचं उगम प्रमाणपत्र जोडलेलं असावं लागतं, तेही विचारता येतं. प्रामाणिक दुकानदाराला याचा राग येत नाही. उलट कोणी फिरता एजंट गाडीवर माल आणून बिलाविना देतो तेव्हा याच दुकानदाराचा धंदा बुडतो. सुटं, डब्यातून काढून दिलेलं औषध कधीच घेऊ नका. ऑनलाइन विकणाऱ्यालाही परवाना लागतो.

बाटली बोगस वाटते. आता?

लवकर हालचाल करा. तुमची फोडलेली बाटली पुरावा म्हणून उपयोगी आहे, पण कायद्याने टिकणारा नमुना कीटकनाशक निरीक्षकच घेतो, आणि तो दुकानातल्या त्याच बॅचच्या सीलबंद मालातून. महिनाभराने गेलात तर ती बॅच संपलेली असते. तालुका कृषी अधिकाऱ्याकडे किंवा पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज द्या, बिलाची प्रत आणि लेबलचे फोटो जोडा, पोच घ्या. नमुन्याचे तीन भाग होतात: एक ज्याच्याकडून घेतला त्याला, एक विश्लेषकाकडे, एक राखून. विश्लेषकाने तीस दिवसांत अहवाल द्यायचा असतो. पिकाचं नुकसान झालं असेल तर तालुकास्तरीय तक्रार निवारण समितीला शेताच्या पंचनाम्यासाठी बोलवा, पीक मोडण्याआधी. भरपाईसाठी जिल्हा ग्राहक आयोग आहे, तिथे बिलाशिवाय उभं राहणं फार कठीण.

मी मजुरीने फवारतो. मालक औषध आणतो, मला बाटली दिसतही नाही. मी काय जुळवू?

पंप भरण्याआधी बाटली दाखवा म्हणा, हा तुमचा हक्कच आहे. वाचता येत नसेल तर मोबाईलने पुढून-मागून फोटो काढा आणि घरच्या कोणाला तरी पाठवून ठेवा. एकापेक्षा जास्त बाटल्या असतील तर सगळ्यांचे.

मळमळ, डोकं गरगरणं, डोळ्यांपुढे अंधारी, तोंडाला लाळ, श्वास अडकणं, असं काही झालं तर फवारणी लगेच थांबवा, कपडे काढून साबणाने अंग धुवा आणि १०८ ला फोन करा. डॉक्टरला पहिला प्रश्न पडतो तो आत काय गेलं हा. प्रोफेनोफॉस, अॅसिफेट, क्लोरपायरीफॉस ही ऑरगॅनोफॉस्फेट गटातली आहेत, त्यांवर अॅट्रोपिन आणि पीएएम चालतं. सायपरमेथ्रीनच्या गटाला किंवा डायफेन्थियुरॉनला असा ठरलेला उतारा नाही, तिथे लक्षणं पाहून उपचार करावे लागतात. दोन घटकांची बाटली असेल तर दोन्ही नावं डॉक्टरला कळायला हवीत. नुसतं विक्रीचं नाव सांगून भागत नाही, कारण त्याच नावाला जुळणारी दोन-तीन नावं आणखी बाजारात असतात. म्हणून बाटली, खोकं आणि तो घडीचा कागद पेशंटसोबत दवाखान्यात न्या. दिल्लीच्या एम्सचं राष्ट्रीय विष माहिती केंद्र १८००-११६-११७ या क्रमांकावर चोवीस तास आहे, तिथे डॉक्टरही विचारू शकतात आणि तुम्हीही. हे दोन्ही क्रमांक आजच मोबाईलमध्ये भरून ठेवा, आणि मालकालाही द्या.